चार नंबरच्या खोलीतला श्वास

हॅलो… हां निखिल, आला का एकदाचा तुझा फोन! अरे केव्हापासून रिंग देतेय तुला. कुठे आहेस?

जोरात बोल, मागे ट्रेलरवाले हॉर्न मारतायत, काही कळत नाहीये.

जासई नाक्यावर? खरंच? देव पावला बघ. मला वाटलं, रविवार म्हणून सासुरवाडीला जाऊन लोळत असशील.

हो, हो, माहितीय रविवार आहे. मला पण रविवारच आहे ना? तरी लॅपटॉप उघडून बसलेय. हौस आलीय का मला? अरे ऐक ना…

खा, खा तू वडापाव, पण कान इकडे दे. आपण त्या यार्डात फळं पिकवायच्या खोल्यांत गॅस मोजायच्या पेट्या बसवल्या… हां, त्याच तळहाताएवढ्या. त्यातली चार नंबरची खोली. जासई चार. तिची रेघ मी सकाळपासून स्क्रीनवर बघतेय.

चढतेय.

नाही, बिघाड नाहीये. … अरे बिघाडाची रेघ मला ओळखू येत नाही का? बिघडलेली पेटी एक तर मेल्यासारखी सरळ पडून राहते, नाही तर माकडउड्या मारते. ही तशी नाहीये. ही शहाण्यासारखी चढतेय, सावकाश, एकेक पायरी.

कार्बन डायऑक्साइड, दुसरं काय! मोकळ्या हवेत चारशेच्या आसपास असतो, इथे चार हजारांच्या वर गेलाय आणि खाली यायचं नाव घेत नाही.

केळी पिकताना सोडतात म्हणतोस? कसली केळी डोंबलाची? ती खोली रिकामी आहे ना! मालकच म्हणाला, एक-दोन-तीन चालू आहेत, चारला कुलूपच असतं, पण पेटी लावून टाका, तपासणीला बरं दिसतं. तूच लावून आलास. होता एक तरी घड आत?

मग फळं नाहीत, तर हा श्वास कुणाचा?

… हसू नकोस. निखिल, हसू नकोस म्हणते ना.

एक मिनिट हं, थांब. — काय झालं, आई? … फडकं? जुनं लुगडं हाय बघा कपाटाखालच्या बोचक्यात. … हो, तेच फाडा, चांगलं जाड हाय. … खिडकीला रात्रीच ठोकली ना चादर मितेशनी? मग आता कुठनं येनार वारा? … बरं, बरं. कडी लावून घ्या आतून.

हां, बोल. … अरे सासूबाई. घरात बाळंतीण आहे ना. सई, माझी नणंद, बाळंतपणाला आलीय माहेरी. बाळ पहाटे शिंकलं, तेव्हापासून आईंनी घर डोक्यावर घेतलंय. वारा लागला, वारा लागला! आता दाराखालच्या फटीत लुगडं कोंबतायत. मागची खोली माझं ऑफिस होतं, ती बाळंतिणीला दिली आणि मला हाकललं हॉलमध्ये. बारसं होईपर्यंत मी निर्वासित आहे या घरात.

मुलगी. … हो रे, गोड आहे. नाक तेवढं मामावर गेलंय, म्हणजे आमच्या मितेशवर. बिचारीचं नशीब. … तो नाहीये घरी, बारशाची आमंत्रणं करत फिरतोय गोठिवली, राबाडा. घणसोली गावातली निम्मी घरं पण बाकी आहेत अजून.

ते जाऊ दे. मी काय सांगत होते?… हां. नुसतं आज सकाळचं असतं ना, तर मी पण म्हटलं असतं जाऊ दे. पण तू पेटी लावलीस त्या रात्रीपासूनची रेघ मी मागे जाऊन बघितली.

अरे, रात्र झाली की ती रेघ वर जायला लागते. सावकाश. घाई नाही, गडबड नाही. बंद खोलीत माणसं झोपली की हवा कशी जड होत जाते, तशी. पहाटे सगळ्यात वर. आणि उजाडलं की एकदम खाली.

म्हणजे काय म्हणजे? दार उघडल्यावर हवा बदलते, तशी खाली! कुणीतरी उठलं, दार उघडलं, बाहेर आलं. मग दुपारी परत थोडी वर, जरा वेळ. रात्री परत तेच. पहिल्या रात्री तेच, दुसऱ्या रात्री तेच. रोज.

तिथे कुणीतरी राहतंय, निखिल. झोपतंय, उठतंय. कुलपाच्या आत.

आता का हसत नाहीस?

… थांब, अजून आहे. फुंकरा.

अरे, आपण पेटी लावली की तिच्यावर फुंकर मारतो ना? ऑफिसात बसलेल्याला कळावं म्हणून? तोंडातला गॅस लागला की रेघेला टेंगूळ येतं, आणि मी म्हणते ‘आलं’. तशी टेंगळं येतायत. आत्ता, मगापासून. फुंकर, फुंकर, फुंकर. मग थांबतं. दम घेतं. परत फुंकर, फुंकर, फुंकर. अगदी पेटीला तोंड लावून नाही, जरा लांबून… पण यंत्र असं दम घेऊन फुंकत नाही रे. ते माणूसच फुंकतं.

… काढलंस शेवटी नाव. मला वाटलंच, तू पंढरीचंच नाव काढणार.

हो, माहितीय मला. माल चढवायचा-उतरवायचा तो, आणि गेल्या वर्षी ह्याच खोलीत गुदमरून… हो. बाहेरून दार लागलं आणि कुणाच्या लक्षातच आलं नाही. म्हणून तर मालकाला आता पेट्या सुचल्या ना!

ऐक, ऐक माझं. भूत-बीत काही नाही. आणि असलं, तरी भुताचा कार्बन डायऑक्साइड येत नाही, कळलं? त्या पेटीला माणूस कळत नाही, भूत कळत नाही. तिला श्वास कळतो फक्त. श्वास आहे, म्हणजे जिवंत माणूस आहे. एखादा हमाल, एखादा ड्रायव्हर रोज झोपायला आत शिरत असेल, आज कुणी न बघता कुलूप घातलं असेल. परत एकदा! आणि तो बिचारा आतून बघत असेल ती पेटीची हिरवी बत्ती, आणि फुंकत असेल की कुणाला तरी दिसू दे.

मला दिसतंय रे ते. मीच एकटी आहे जिला दिसतंय. म्हणून तुला फोन केला.

जातोस? … जा बाबा, लगेच जा. फोन ठेवू नकोस पण, कानात घाल तो हेडफोन आणि चालव गाडी. मी आहे लाइनवर.

… हं. आहे मी. … नाही, तसंच चाललंय. फुंकर, फुंकर… आता जरा लांब-लांब पडायला लागल्यात. दमलाय वाटतं तो.

पाच हजार.

कुठपर्यंत आलास? … रेल्वे फाटक? अरे मग पुढून डावीकडे मार ना, रिकाम्या कंटेनरांच्या मधून वाट आहे. … हो, चिखल असणारच. गाडी लाव तिथेच आणि पळ.

वॉचमन कोण आहे आज? … बाबासो? बरं झालं, भला माणूस आहे. सांग त्यांना, चारचं कुलूप काढा.

काय? … नाही म्हणतायत? का?

किल्ली मालकाकडे? मग त्यांच्या कमरेला जो जुडगा लटकतोय तो काय आहे? … अच्छा. घाबरलेत. … अरे घाबरणारच, बिचारे रोज एकटे बसतात तिथे. दे, दे त्यांच्याकडे फोन. मी बोलते.

हॅलो, बाबासो काका? नमस्कार. मी सुचिता बोलतेय, ह्या पेट्यांच्या कंपनीतली. … हो, त्याच. काका, चार नंबरच्या खोलीत कुणीतरी अडकलंय. … नाही, मी तिथे नाही, मी घणसोलीला घरी आहे. … इथून दिसतं मला, कॉम्प्युटरवर. … अहो वासावरून नाही. सांगते, ऐका. तापल्या तव्याच्या वर हात धरला की धग लागते की नाही? डोळ्याला काही दिसत नाही, पण हाताला लागते. तसला उजेड असतो त्या पेटीत, न दिसणारा, बारकासा. आपण श्वास सोडला की त्यातला गॅस तो उजेड गिळतो. पलीकडे उजेड कमी पोचला की पेटी समजते, इथे कुणीतरी श्वास सोडलाय. बस्स, एवढंच. जादू नाही त्यात काही.

… काय? तुम्हाला पण?

कधी ऐकलंत? … खोकल्यासारखं? … आतून?

… नाही, नाही, मी कशाला हसेन? मला स्वतःलाच… खरं सांगू काका, मला पण भीती वाटतेय. पण तुम्ही म्हणता तसं काही असेल, तर कुलूप काढल्यानं त्याचं काय जाणार आहे? त्याला कुठे कुलूप आडवं येतं? आणि माणूस असला तर? कुणाचा तरी मुलगा असेल हो तो. तुमच्या गावाकडचाच असेल कदाचित. उद्या मालकाला काय सांगायचं ते मी सांगते. माझं नाव घ्या. सुचितानं काढायला लावलं म्हणा.

… हो. हो काका. उपकार झाले तुमचे. द्या निखिलला.

निखिल, ते काढतायत. पण एक ऐकायचं. दार उघडलंस की बाजूला व्हायचं. आत पाय टाकायचा नाही.

अरे म्हणजे काय, असा कसा लगेच जाणार! हा गॅस जड असतो, खाली तुंबून राहतो, पाण्यासारखा. पहिला माणूस पडतो आणि त्याला काढायला गेलेला दुसरा त्याच्यावर पडतो, हे तूच शिकवतोस ना गिऱ्हाइकांना? मग? हवा जाऊ दे आधी. मी स्क्रीन बघते, मी ‘जा’ म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. शपथ आहे तुला.

लागली का किल्ली? … गंजलंय? … तेल? अरे आता तेल कुठून… हाण ना दगड घेऊन!

निखिल.

निखिल, थांबल्या.

फुंकरा थांबल्या. … मगाशीच एक आली होती, अगदी एवढीशी. त्यानंतर नाही. रेघ तशीच वर चाललीय, पण फुंकर नाही. सहा हजार. सहाच्या वर. लवकर करा रे. लवकर करा.

हाक मार त्याला. दारावर हात मार. … काही उत्तर? … काहीच नाही?

शांत… हो, इथे पण कसं सामसूम झालंय. बाळ झोपलं वाटतं. इतका वेळ किरकिर चालली होती तिची, आणि आईंचं एक गाणं, सूर ना ताल. आता दोन्ही बंद. … बरं झालं, झोपू देत.

उघडलं? उघडलं का? पूर्ण उघड, दगड लाव दाराला. आणि मागे सरक. काकांना पण धर मागे.

दिसतंय का कुणी आत? … अंधार? बॅटरी मार मोबाइलची, बाहेरूनच.

क्रेट आहेत… आणि? … क्रेटच्या मागे? … दिसत नाही. बरं. थांब तू. थांब तिथेच.

माहितीय मला! माहितीय तो मरत असेल! तुला काय वाटतं, मला काहीच वाटत नाही का? माझा जीव इथे टांगणीला लागलाय. पण तू पण मेलास तर मी तुझ्या बायकोला काय तोंड दाखवू? थांब. रेघ खाली येऊ दे जरा. दार उघडलंय, आता येईलच…

येत नाहीये.

दार नक्की पूर्ण उघडं आहे ना? … वारा जातोय आत? … पालापाचोळा उडतोय आतला? मग रेघ खाली का येत नाहीये?

सात हजार. अरे वर चाललीय. उघड्या दारात वर चाललीय!

मला नाही कळत. … खरंच नाही कळत, निखिल. अशी कधी बघितली नाही मी. तुम्ही दार उघडलंत हे तिला कळलंच नाहीये. जणू काही ते दार… ते दार तिचं नाहीच.

नको! जाऊ नकोस. … दोरी? काकांकडे आहे दोरी? … बांध कमरेला. काकांना म्हणावं, निखिल जरा डुलला तरी ओढा. आणि श्वास धरून जा, चटकन बघ, बाहेर ये. गेलास का?

निखिल?

निखिल!

… हां. हां. आलास. काय आहे?

कुणी नाही? नीट बघितलंस? क्रेटच्या मागे, वर त्या पंख्याच्या कपाटात? … कुणीच नाही. उंदीर पण नाही. हवा चांगली आहे? मोकळा श्वास घेता येतोय? डोकं जड नाही? मग…

मग मी इतका वेळ कुणाचा श्वास बघत होते?

नाही, ठीक आहे मी. … नाही, ठीक आहे म्हणते ना. काकांना पाणी पाज, त्यांचा आवाज येतोय मला, राम राम चाललंय त्यांचं.

पेटी दिसतेय? तिच्या छोट्या पडद्यावर आकडा काय आहे?

चारशे वीस?

अरे नाही, असं कसं होईल! माझ्याकडे सात हजारांच्या वर आहे. चिठ्ठी बघ तिच्यावरची. … ‘जासई चार’ लिहिलंय? बरोबर आहे मग. … कुंकू? हां, ते आईंनी लावलं होतं रे, पेट्या जायच्या आधी. पहिली मोठी ऑर्डर म्हणून देवापुढे ठेवल्या होत्या, हळद-कुंकू, फूल, सगळं साग्रसंगीत. नंतर ओल्या फडक्यानं पुसून त्यांनीच दिल्या मला.

एक कर. फुंक तिच्यावर. … तोंड जवळ ने आणि फुंक. … फुंकलंस?

काहीच नाही. परत फुंक. जोरात.

नाही आलं. चारची रेघ जागची हलत नाहीये… थांब. थांब, थांब. खाली दुसरी कुठली तरी हलली. परत फुंक बघू?

… आलं. आलं रे. पण ते सॅम्पलच्या रेघेवर आलं, गिऱ्हाइकांना दाखवायला ठेवलेल्या पेटीच्या.

परत फुंक. … परत सॅम्पलवर. निखिल, तुझ्या समोर भिंतीवर आहे ती सॅम्पलची पेटी आहे. चिठ्ठ्या… पुसताना चिठ्ठ्या निघाल्या असणार, आणि आईंनी सुकवून परत चिकटवल्या असणार. हिची तिला, तिची हिला. आणि लावलीस तेव्हा आपण फुंकून बघितलंच नाही. सईला त्या दिवशी दवाखान्यातून घरी आणत होतो, तू म्हणालास झालं, मी म्हटलं आलं…

मग जासई चार कुठे आहे? … अरे, सॅम्पल जिथे असायला हवं तिथे. ती माझ्या घरात… मागच्या खोलीत खिळ्याला… ती रेघ मी बघतच नाही रे. घरातलं काय बघायचं म्हणून खाली सरकवून ठेवते…

निखिल, ते श्वास माझ्या घरातले आहेत.

रात्री तिघी झोपतात त्या खोलीत. सकाळी दार उघडतात. आणि त्या फुंकरा… शेगडी! कोळशाची शेगडी आहे आत. बाळंतिणीला शेकायला, बाळाला धुरी द्यायला, ओवा, वावडिंग टाकून. आई फुंकणीनं कोळसे फुंकत होत्या. आणि आता…

आई! … आई, दार उघडा! … सई! सई गं!

आतून कडी आहे. मीच म्हटलं कडी लावा. मीच लुगडं काढून दिलं. … आई!

नाही देत उत्तर. नाही देत कुणी. … हो, हो, तोडते. खांद्यानं… हलतंय… परत… आई गं… निखळली रे कडी! उघडलं!

केवढी गरम हवा… आई पडल्यात. शेगडीच्या बाजूला, फुंकणी हातात तशीच. सई पलंगावर आहे, डोळे मिटून. … काय? काय म्हणालास?

नको जाऊ? मीच सांगितलं तुला, हो. उंबरा ओलांडायचा नाही. … माझं बाळ असतं तर, निखिल? माझंच आहे ते. गेले मी.

…

… चादर फाडली. खिडकी उघडली. बोलायला लावू नकोस मला. शेगडी बाहेर ढकललीय पायानं, पाय भाजला, भाजू दे. — सई! ए सई, ऊठ! कानाखाली देईन हां, ऊठ! … डोळे उघडले. उघडले तिनं. ओकतेय. ओक गं, ओक, बाहेर ये, माझ्या खांद्यावर हात टाक…

— रूपेश! ए रूपेश! वर ये, पळत ये! आईंना उचल! … रिक्षा नंतर, आधी उचल, गच्चीवर ने, मोकळ्यावर!

खालचा भाडेकरू आहे. आला. घेतलं त्यानं आईंना. … कण्हतायत. डोकं दुखतंय म्हणतायत. म्हणजे आहेत. आहेत त्या.

बाळ.

घेतलंय मी. गॅलरीत आणलंय. दुपट्यात आवळून बांधलंय हिला, सोडते… गाल कसे लालबुंद आहेत, बघशील तर म्हणशील काय छान झोपलीय. … रडत नाहीये. तळव्याला टिचकी मारली, रडत नाहीये. पाठ चोळतेय…

मला नाही कळत रे, श्वास चालू आहे का! माझी छाती एवढी धडधडतेय, माझेच हात हलतायत, हिची छाती हलतेय की माझे हात हलतायत, मला काही कळत नाही!

पेटी. … अरे पेटी! थांब. धरून ठेव लाइन.

… आणली. खिळ्यावरनं ओढून आणली. उन्हात हिच्या पडद्यावरचा आकडा दिसत नाहीये. निखिल, तुझ्या फोनवर रेघ दिसते ना? उघड. जासई चार उघड. लॅपटॉप आत राहिलाय, मी हिला सोडून जाणार नाही. तू बघ आणि तू सांग.

उघडली? काय दिसतंय? … खाली येतेय? येऊ दे, मोकळी हवा लागतेय तिला. आली की सांग. … अजून? … अजून? … सरळ झाली? बरं.

आता पेटी तिच्या तोंडाशी धरते. वारा आहे इथे, पदर धरते आडवा. … आलं काही?

नाही?

नीट बघ. पेटीला लागतात दोन-चार क्षण. … नाही?

मग मी फुंकते. तिच्या तोंडात. हळूच… गालातली हवा फक्त… हूं. … हूं. … हूं.

आलं? मोठं टेंगूळ आलं? ते माझं आहे, ते धरू नकोस. ते माझं आहे! खाली जाऊ दे ते.

आता मी तोंड बाजूला करून श्वास धरते. आता जे येईल ते तिचं. बघ.

…

…

काय? … बोल ना रे! रडतोस काय, बोल!

छोटंसं?

अरे, छोटंसंच असणार, निखिल. केवढीशी आहे ती!

अजून एक? … खरं सांग. … सांगत राहा. थांबू नकोस. — रूपेश, रिक्षा नको, पाटलांची गाडी बोलाव, तिघींना घालायचंय! कोळशाचा गॅस आहे म्हणावं डॉक्टरला, कोळशाचा! ह्या पेटीला तो दिसतच नाही, माणूस मारतो तो गॅस! — हं, बोल निखिल. आलं? … परत आलं? … आधीच्यापेक्षा मोठं?

थांब. काहीतरी तोंड वाकडं करतेय. ओठ… हात झाडला तिनं…

निखिल, बंद कर ती रेघ. … नको बघूस आता. फोन कानाला लाव आणि ऐक. काकांना पण ऐकव.

… ऐकलंत? किती बारीक आवाज आहे, बघा ना.

ठेवते मी. गाडी आली.